विश्लेषण : गॅस, हीट पंप की शहराची सामाईक उष्णता? जर्मनीत घर गरम ठेवण्याचा प्रश्न राजकीय कसा झाला?

तळघरातला जुना गॅस बॉयलर बंद पडला, तर त्या जागी काय बसवायचे? जर्मनीतील लाखो घरमालकांपुढे हा प्रश्न आहे. वरवर पाहता हा प्लंबरला विचारायचा प्रश्न. पण याच प्रश्नाने २०२३ मध्ये तीन पक्षांच्या सरकारमध्ये दरी पाडली, प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ च्या निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला. कारण सोपे आहे. बॉयलर एकदा बसवला की २० वर्षे, कधी ३० वर्षे चालतो. तेवढ्या काळात सरकारे चार-पाच वेळा बदलतात, इंधनाचे दर बदलतात आणि कायदेही बदलतात. आज घेतलेला निर्णय २०४५ पर्यंत निभवावा लागणार असेल, तर तो कशाच्या आधारे घ्यायचा?

सेंट्रल हीटिंग म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात थंडी पडली की स्वेटर निघतो, फार तर अंघोळीसाठी बंब पेटतो. मध्य युरोपात ऑक्टोबर ते एप्रिल घर गरम ठेवावेच लागते. न ठेवल्यास भिंतींना बुरशी येते, नळातले पाणी गोठते, वृद्ध आणि लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते. त्यासाठी प्रत्येक खोलीत वेगळी शेगडी न ठेवता एकाच ठिकाणी पाणी तापवतात आणि पाइपांतून सगळ्या खोल्यांमध्ये फिरवतात. खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमधून किंवा जमिनीखालच्या नळ्यांमधून ती उष्णता बाहेर पडते. गार झालेले पाणी परत येते, पुन्हा तापते.

ही पाइपांची रचना कोणत्याही पद्धतीत साधारण सारखीच असते. वाद आहे तो पाणी तापवायचे कशाने, एवढ्यावर. गॅस, तेल, लाकडाच्या गोळ्या, वीज की शहराच्या प्रकल्पातून आलेले गरम पाणी?

जर्मनी गॅसवर इतका अवलंबून कसा झाला?

जर्मनीतील सुमारे निम्मी घरे नैसर्गिक वायूवर तापतात. जवळपास एक चतुर्थांश घरे अजूनही तेलावर आहेत. शहरी सामाईक उष्णतेचा वाटा साधारण १५ टक्क्यांच्या आसपास आहे. कित्येक दशके गॅस स्वस्त होता, बॉयलर छोटा होता, धूर-राख नव्हती. त्यामुळे गॅस निवडण्यात कुणाला वावगे वाटले नाही.

त्या स्वस्त गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियातून येत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ‘नॉर्ड स्ट्रीम’ वाहिनीतून येणारा पुरवठा थांबला आणि सप्टेंबरमध्ये समुद्राखाली झालेल्या स्फोटांत वाहिन्या फुटल्या. युद्धापूर्वी घरगुती ग्राहकाला एका युनिटमागे सहा-सात सेंट पडत होते. नंतर दर इतके भडकले की २०२३ साठी सरकारला मागील वापराच्या ८० टक्के गॅसचा दर १२ सेंटवर रोखून धरावा लागला. वरचा फरक सरकारी तिजोरीतून गेला. स्वस्त इंधन म्हणून निवडलेला गॅस परराष्ट्र धोरणातल्या एका घटनेने महाग होऊ शकतो, हे घराघरांत कळले.

२०२३ च्या कायद्याने काय केले?

दुसरे कारण हवामानाचे. २०४५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे उद्दिष्ट जर्मनीने कायद्यात लिहिले आहे. २०३० मध्ये बसवलेला गॅस बॉयलर २०५० पर्यंत जळत राहिला, तर हे उद्दिष्ट कागदावरच राहते. म्हणून तत्कालीन अर्थव्यवहार व हवामान मंत्री रॉबर्ट हाबेक यांच्या मंत्रालयाने असा मसुदा तयार केला की २०२४ पासून बसणारी प्रत्येक नवी यंत्रणा किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जेवर चालावी.

फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस हा मसुदा ‘बिल्ड’ या वृत्तपत्राच्या हाती लागला आणि गदारोळ सुरू झाला. सरकार तळघरात शिरून बॉयलर उपटून नेणार, असा समज पसरला. सत्तेतला फ्री डेमोक्रॅटिक पक्षच विरोधात उभा राहिला. जुलैमध्ये विधेयक घाईने संमत करण्याचा प्रयत्न घटनात्मक न्यायालयाने रोखला. खासदारांना अभ्यासाला पुरेसा वेळ मिळत नाही, अशी तक्रार ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका सदस्याने केली होती. अखेर ८ सप्टेंबर २०२३ रोजी बुंडेस्टागने विधेयक संमत केले आणि १ जानेवारी २०२४ पासून कायदा लागू झाला.

अंतिम कायदा मूळ मसुद्यापेक्षा बराच सौम्य होता. चालू बॉयलर काढावा लागत नाही, बिघडल्यास दुरुस्तही करता येतो. ६५ टक्क्यांची अट ताबडतोब फक्त नव्या वसाहतींतील नव्या घरांना लागू झाली. जुन्या घरांसाठी ती शहराच्या ‘उष्णता आराखड्या’शी जोडली गेली. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना आराखड्यासाठी ३० जून २०२६, तर लहान गावांना ३० जून २०२८ ही मुदत देण्यात आली. मधल्या काळात कुणी गॅस बॉयलर बसवलाच, तर त्याने सल्लागाराचे मत घ्यावे आणि २०२९ पासून १५ टक्के, २०३५ पासून ३० टक्के, २०४० पासून ६० टक्के जैववायू किंवा तत्सम इंधन वापरावे, असे कलम आले. जीवाश्म इंधन जाळण्याचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०४४ ठरला.

या गोंधळाचा परिणाम मात्र उलटा झाला. बंदी येण्याआधी बॉयलर बदलून घ्यावा म्हणून लोक धावले आणि २०२३ मध्ये जर्मनीत पावणेआठ लाखांहून अधिक गॅस यंत्रणा विकल्या गेल्या. त्याच वर्षी हीट पंपांची विक्रीही ३ लाख ५६ हजारांवर गेली, पण पुढच्याच वर्षी ती १ लाख ९३ हजारांवर घसरली. अनुदान किती मिळेल, कायदा टिकेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे लोकांनी निर्णयच पुढे ढकलला.

हीट पंप चालतो तरी कसा?

फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावला तर ती गरम लागते. आतल्या वस्तूंतली उष्णता फ्रिज बाहेर फेकतो. हीट पंप हेच काम घरासाठी उलट्या दिशेने करतो. बाहेरच्या हवेतली, जमिनीतली किंवा पाण्यातली उष्णता गोळा करून घरातल्या पाण्याला देतो. बाहेरची हवा शून्याखाली असली तरी तिच्यात उष्णता असतेच, फक्त ती ओढून घ्यायला अधिक वीज लागते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या युरोपातल्या सर्वांत थंड देशांमध्येच घरांच्या प्रमाणात सर्वाधिक हीट पंप आहेत. त्यामुळे ‘थंडीत चालत नाही’ हा आक्षेप तितकासा खरा नाही.

खरी अडचण घराची आहे. पंपाला पाणी जितके कमी तापवावे लागेल तितका तो काटकसरीने चालतो. ५५ अंशांपर्यंतच्या पाण्याने घर उबदार राहत असेल, तर तो चांगला चालतो. छोटे रेडिएटर, फटी असलेल्या खिडक्या, उघडे छत असलेल्या घरात ७० अंशांचे पाणी लागते आणि तिथे पंपाचा दम निघतो. फ्राऊनहोफर संस्थेने जुन्या घरांमध्ये बसवलेल्या पंपांची मोजणी केली, तेव्हा हवेवर चालणाऱ्या पंपांनी एका युनिट विजेतून सरासरी ३.१ युनिट, तर जमिनीतून उष्णता घेणाऱ्यांनी ४.१ युनिट उष्णता दिली. पण घरागणिक फरक मोठा होता. काही हवेचे पंप २.५ च्या आसपास अडखळले.

खर्चाचे गणित कुठे जुळते आणि कुठे फसते?

एक जुने स्वतंत्र घर घेऊ. त्याला वर्षाला २० हजार युनिट गॅस लागतो आणि दर १२ सेंट आहे, असे समजू. वर्षाचे बिल २,४०० युरो. बॉयलरमधली गळती वजा जाता घराला प्रत्यक्षात सुमारे १८ हजार युनिट उष्णता मिळते.

तेवढीच उष्णता ३.१ गुणांकाच्या पंपाकडून हवी असेल, तर सुमारे ५,८०० युनिट वीज लागेल. ३५ सेंटच्या साध्या घरगुती दराने बिल होते साधारण २,०३० युरो. पंपासाठीचा वेगळा, समजा २७ सेंटचा दर मिळाला तर १,५७० युरो. म्हणजे बचत आहे. पण घर गळके असून गुणांक २.५ वर आला, तर ७,२०० युनिट लागतील आणि ३५ सेंटने बिल २,५२० युरोंवर जाईल. तेच यंत्र, तोच शेजार, पण एकाची बचत तर दुसऱ्याला भुर्दंड. म्हणून पंपाच्या किमतीपेक्षा खिडक्या, छत, रेडिएटर आणि विजेचा करार आधी तपासावा लागतो.

यात कार्बन शुल्क धरायला हवे. जर्मनीने २०२१ मध्ये टनामागे २५ युरोंनी सुरुवात केली. २०२४ मध्ये ते ४५ आणि २०२५ मध्ये ५५ युरो झाले. २० हजार युनिट गॅस जळला की सुमारे चार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ५५ युरोंच्या दराने वर्षाला २२० युरो, वर कर वेगळा. हे गॅसच्या बिलातच दडलेले असते. पुढे हा दर सरकार नव्हे, तर युरोपीय बाजार ठरवणार आहे. शुल्क १०० युरो झाले तर याच घराला ४०० युरो मोजावे लागतील. आज स्वस्त दिसणाऱ्या बॉयलरचा हा छुपा हप्ता आहे.

अनुदान किती मिळते?

जुन्या घरात हीट पंप बसवण्याचा खर्च कामासकट ३० हजार युरोंच्या घरात सहज जातो. गॅस बॉयलर त्याच्या निम्म्याहून कमी रकमेत बसतो. ही दरी भरून काढण्यासाठी २०२४ पासून सर्वांना ३० टक्के मूळ अनुदान आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याने जुनी जीवाश्म इंधनाची यंत्रणा लवकर बदलली तर आणखी २० टक्के, कुटुंबाचे करपात्र उत्पन्न वर्षाला ४० हजार युरोंपर्यंत असेल तर आणखी ३० टक्के, आणि ठरावीक कार्यक्षम पंपांना ५ टक्के. एकूण मर्यादा ७० टक्के. एका घरासाठी ३० हजार युरोंपर्यंतचाच खर्च धरला जात असल्याने जास्तीत जास्त २१ हजार युरो मिळतात.

५० टक्के अनुदान मिळालेल्या मालकाला पंप साधारण १५ हजार युरोंना पडतो, म्हणजे बॉयलरच्या किमतीजवळ येतो. इथे गणित जुळते. पण हे सगळे अनुदान टिकून राहील या गृहीतकावर.

शहराची सामाईक उष्णता हा उपाय आहे का?

दाट वस्तीत प्रत्येक इमारतीने वेगळा पंप बसवण्यापेक्षा एका मोठ्या केंद्रातून गरम पाणी पाइपांनी घरोघर पोहोचवणे सोयीचे असते. डेन्मार्कने १९७३ च्या तेलसंकटातून हा धडा घेतला. १९७९ मध्ये तिथे उष्णता पुरवठा कायदा झाला आणि कोणत्या भागाला गॅस, कोणत्या भागाला सामाईक उष्णता हे नगरपालिकांनी नकाशावर ठरवले. आज तिथली सुमारे दोनतृतीयांश घरे या जाळ्याला जोडलेली आहेत.

जर्मनीने हेच काम चार दशके उशिरा हाती घेतले आहे. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने मोठ्या शहरांना २०२३ अखेरपर्यंतच आराखडे करायला लावले होते. त्याच राज्यातल्या मानहाइम शहरात ऱ्हाइन नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा २० मेगावॉटचा अजस्र पंप २०२३ पासून सुमारे ३,५०० घरांना पुरेल इतकी उष्णता देतो.

या पद्धतीचा तोटा असा की पुरवठादार एकच असतो. वीज किंवा गॅसची कंपनी बदलता येते, गरम पाण्याची नाही. दरवाढीच्या सूत्रांबद्दल शंका आल्याने जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काही पुरवठादारांची चौकशी सुरू केली. आपल्या गल्लीत हे पाइप केव्हा येणार, हाही प्रश्न उरतोच. बॉयलर जानेवारीत बंद पडतो, आराखड्यातली वाहिनी मात्र सात वर्षांनी येते.

हायड्रोजन आणि लाकडाच्या गोळ्यांचे काय?

‘हायड्रोजनसाठी सज्ज’ असे लिहिलेले बॉयलर बाजारात आहेत. ऐकायला ते बरे वाटते. पण विजेपासून हायड्रोजन बनवायचा, साठवायचा, वाहून न्यायचा आणि मग जाळायचा, यात मूळ विजेचा मोठा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो. तीच वीज पंपाला दिली तर तिच्या तिप्पट उष्णता मिळते. शिवाय जो काही हरित हायड्रोजन तयार होईल, त्यावर पोलाद आणि रसायन उद्योगांचा दावा आधी असेल. घरापर्यंत तो परवडणाऱ्या दरात येईल, अशी आशा ठेवून बॉयलर घेणे म्हणजे न आलेल्या पावसावर पेरणी करणे आहे.

लाकडाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, गावाकडच्या मोठ्या घरांना सोयीच्या आहेत. त्यांना साठवणुकीला जागा लागते आणि दर स्थिर असतात असेही नाही. २०२२ च्या संकटात ते दुपटीहून अधिक वाढले होते.

गॅसजोडणी टिकवून ठेवणाऱ्यांना धोका कोणता?

चर्चेत सर्वांत कमी येणारा मुद्दा हाच आहे. गॅसच्या बिलात केवळ गॅसची किंमत नसते, तर वाहिन्यांच्या देखभालीचा खर्चही असतो. वाहिनी १०० घरांना पुरवठा करत असो वा २०, तिच्या देखभालीचा खर्च फारसा कमी होत नाही. जसजसे ग्राहक पंपाकडे किंवा सामाईक उष्णतेकडे वळतील, तसतसा तो खर्च उरलेल्यांवर वाटला जाईल. बिल वाढले की आणखी काही जण बाहेर पडतील आणि उरलेल्यांचा वाटा पुन्हा वाढेल.

मानहाइमच्या ऊर्जा कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरातले गॅसचे जाळे २०३५ पर्यंत बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, तो याच हिशेबातून. तिथे ज्याने नुकताच नवा बॉयलर बसवला, त्याचे यंत्र धडधाकट राहील, पण नळीत गॅस नसेल. म्हणजे कायद्याने परवानगी दिली तरी निवड सुरक्षित ठरत नाही. आणि शेवटपर्यंत गॅसवर राहतील ते बहुधा ज्यांना बदलणे परवडत नाही तेच. निवृत्तिवेतनावर जगणारे, जुन्या घरात राहणारे आणि ज्यांच्या हाती निर्णयच नाही असे भाडेकरू.

भाडेकरूंच्या हाती काय असते?

जर्मनीतली निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. तिथे भाडे दोन प्रकारे सांगतात. केवळ जागेचे ते ‘थंड भाडे’ आणि हीटिंग व इतर खर्चासह ते ‘गरम भाडे’. बॉयलर मालक निवडतो, इंधनाचे बिल भाडेकरू भरतो. त्यामुळे मालकाला स्वस्त यंत्र बसवण्याचा मोह होतो. हे टाळण्यासाठी २०२३ पासून कार्बन शुल्क दोघांत विभागले जाते. इमारत जितकी गळकी, तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी ९५ टक्क्यांपर्यंत. दुसरीकडे, नव्या यंत्रणेच्या खर्चापोटी मालक भाडे वाढवू शकतो, पण त्याला दर चौरस मीटरला महिना ५० सेंटची मर्यादा आहे. ६० चौरस मीटरच्या घराला ती महिना ३० युरो होते.

सदनिकांच्या इमारतीत पेच आणखी वाढतो. अनेक जुन्या इमारतींत प्रत्येक घरात वेगळा गॅस बॉयलर आहे. सामाईक यंत्रणा बसवायची तर सगळ्या मालकांचा ठराव लागतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लिफ्ट बदलण्यावरून काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची कल्पना येईल.

शिक्षण आणि नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या मराठी तरुणांनाही हे रोजच्या व्यवहारात भेटते. घर शोधताना ‘थंड भाड्या’चा आकडा पाहून करार केला आणि वर्षअखेरीस हीटिंगचा हिशेब हाती आला, की फरक समजतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यालाही ही पार्श्वभूमी आहे. पंप बसवायला लागणारे प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि तंत्रज्ञ जर्मनीत पुरेसे नाहीत.

पुढे काय?

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर फ्रीडरिश मेर्झ यांच्या नेतृत्वाखाली सरकार आले. सत्तेतल्या पक्षांच्या करारात ‘हीटिंग कायदा रद्द करू’ असे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. नवा कायदा अधिक सोपा आणि कोणत्याही एका तंत्रज्ञानाचा आग्रह न धरणारा असेल, असे आश्वासन त्यात आहे. गंमत अशी की त्याच वर्षाच्या पहिल्या सहामाहीत जर्मनीत प्रथमच गॅस बॉयलरपेक्षा हीट पंप अधिक विकले गेले. ज्या बदलाला सक्ती म्हणून विरोध झाला, तो अनुदान आणि हिशेब यांच्या जोरावर पुढे सरकला.

सक्ती गेली म्हणून घरमालकाचा प्रश्न मात्र सुटत नाही. बॉयलर दुकानात मिळेल, परवानगीही मिळेल. पण कार्बन शुल्क युरोपात ठरेल, गॅसचे जाळे राहील की नाही हे शहर ठरवेल आणि त्याचा खर्च किती जणांत वाटला जाईल हे शेजारी ठरवतील. यंत्र निवडण्याआधी आपल्या नगरपालिकेचा उष्णता आराखडा काय म्हणतो, घराला किती अंशांचे पाणी लागते आणि अनुदान धरून २० वर्षांचा खर्च किती होतो, या तीन गोष्टी तपासणे शहाणपणाचे. ज्या शहराचा आराखडा लवकर आणि स्पष्ट, तिथे ही निवड सोपी. जिथे तो लांबत जाईल, तिथे लोक बॉयलर बंद पडेपर्यंत थांबतील आणि ऐन थंडीत जे हाताला लागेल ते बसवून पुढची २० वर्षे त्याचे बिल भरत राहतील.